नव्या कुलपाचं गाऱ्हाणं

आमच्या घराचं दार उघडताना माझे मोठे दीर पोट दाराला टेकवत. त्यांची चावी कमरेच्या करगोट्याला बांधलेली असायची आणि करगोटा काही लांब नव्हता. म्हणून ते दाराला अगदी चिकटून उभे राहत, चावी भोकात घालत आणि फिरवत. घरात असलेल्या मला आधी किणकिण ऐकू यायची, मग धप्प, मग कुलपाचे दोन ठोके. पाचेक वर्षं मी तो आवाज ऐकला. पेज ढवळताना ऐकला, केस विंचरताना ऐकला, दुपारी जमिनीवर पाठ टेकल्या टेकल्या ऐकला. किणकिण, धप्प, ठक् ठक्, आणि दीर आत.

ते वाईट माणूस नव्हेत, हे आधीच लिहून ठेवते. माझं लग्न त्यांनीच जुळवलं. पाळी गावाला माझ्या माहेरी मला बघायला आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि दाराआडून बाहेर यायला तयार नव्हते. तेव्हा तेच म्हणाले होते, "ऱ्हांव दी गो, दाराआडसून दिसता तितक्या पुरे." मला वाटतं, त्यांच्या डोळ्यांना मी नंतरही तेवढीच राहिले. धाकट्या भावाची बायको म्हणजे घरातलं पोर. पोराच्या खोलीत शिरताना कोण विचारतो?

चावी त्यांच्याकडे कशी गेली तेही सांगते. माझे यजमान खाणीवरच्या ट्रकावर ड्रायव्हर होते. खाणी बंद पडल्या, मग त्यांनी मिळेल ते केलं, आणि मग आजारी पडून अंथरुणाला खिळले. मी तेव्हा काजूच्या कारखान्यात अर्धा दिवस जात असे. मागे त्यांना पाणी लागलं, उठवून बसवायला लागलं, तर कोणीतरी आत येऊ शकायला हवं. दिरांचं घर म्हणजे वडिलोपार्जित थोरलं घर, आमच्या अंगणापासून पन्नास पावलांवर. यजमानांनी स्वतः उशीखालची जादा चावी काढून त्यांना दिली. आमच्या पुढच्या आणि मागच्या दाराची कुलपं एकाच जातीची, एकच चावी दोन्हीला चालायची. त्या दिवसांत त्या चावीने मला किती आधार दिला! कारखान्यात काजू सोलताना मनात असायचं, भावोजी आहेत, जाऊन बघतील. हॉस्पिटलात न्यायला तेच, परत आणायला तेच, आणि शेवटी खांदा द्यायलाही तेच.

यजमान गेले. चावी करगोट्यालाच राहिली.

सुरुवातीला वर्षभर मला बरंच वाटायचं. मग मुलीचं लग्न झालं, ती डिचोलीला गेली, आणि घरात मी एकटी उरले. दीर दिवसातून दोनदा यायचे, कधी तीनदा. टीव्हीसमोर बसायचे. टाकीत पाणी किती ते बघायचे. टोपावरचं झाकण उचलून "आज बांगडो?" असं विचारायचे. मी कारखान्यातून यायची तर माझी वस्तू भलतीकडे. कोयता मागच्या पडवीत, मिठाची बरणी खाली, जनेलं, म्हणजे खिडक्या, सगळी बंद. "उघडी ठेवतंस, माकडां येतीत," म्हणायचे. खरंही होतं ते. माकडांमुळे मागचं दार मी कायम कुलपात ठेवायची.

पण आंघोळ करताना माझे कान दाराकडे असायचे. आमची न्हाणी घरातच आहे, पण तिच्यातून निघून आतल्या खोलीत जायचं तर बाहेरच्या खोलीवरून जावं लागतं. मी सगळे कपडे न्हाणीतच नेऊ लागले. ओलसर जागेत साडी नेसायची, निऱ्या भिजायच्या. दुपारचं निजणं सोडलं. एकदा, गणपतीची चवथ होऊन गेल्यावरचे दिवस, साडीचा बोळा न्हाणीत घसरून भिजला. मी म्हटलं, आत्ता कोण येतंय, आणि टॉवेल गुंडाळून बाहेर आले. दीर कदेलवर, टीव्हीसमोरच्या खुर्चीत, बसून चॅनेल बदलत होते. आत पाणी ओतत असताना आवाज मला ऐकू आला नव्हता. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "च्या ठेव गो बाये." मी मागे फिरले आणि न्हाणीचं दार लावून आत उभी राहिले. ते चहाची वाट बघत होते, मी ते जाण्याची. पायांची बोटं पांढरी पडली तरी उभी होते. शेवटी त्यांनी टीव्ही बंद केला, आणि बाहेरून दार लागल्याचे ठोके आले.

आता कोणी म्हणेल, सांगायचं ना त्यांना! आमच्याकडे धाकटी सून थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाही. सांगायचं ते जावेकरवी. मी जावेला सांगितलं. ती म्हणाली, "माजा ऐकता तो? तीस वर्सां झाली, जेवताना बनियन घाल म्हणून सांगतंय. तूच सांग."

कडीही घालून पाहिली होती. एका दुपारी आतून कडी घालून पडले. किणकिण झाली, धप्प झालं, ठोके झाले, पण दार उघडलं नाही. मग दीर दार हलवू लागले. "गो! काय झाला गो तुका? दिसाढवळ्या कडी कित्या?" मी दचकून उठेपर्यंत शेजारची चार माणसं अंगणात. एका बाईने तर तोंडाला पदर लावला होता. नवरा गेलेली एकटी बाई दिवसा कडी घालते म्हणजे तिने जीवाचं काहीतरी केलं, असंच सगळ्यांना वाटलं. मी दार उघडलं तेव्हा दीर पांढरेफटक पडले होते. त्यांना तसं बघून मलाच अपराध्यासारखं झालं. त्यानंतर कडी कधी घातली नाही.

मुलगी फोनवर म्हणाली, "आई, कुलूपच बदलून टाक. त्यांची चावी लागणार नाही, म्हणजे त्यांना कळेल. तुला बोलायला नको." मला ते फार पटलं. मी ते दोन महिने मनात घोळवलं. माझ्याऐवजी कुलूप बोलणार, यापेक्षा सोयीचं काय असतं?

शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला गेले. हार्डवेअरच्या दुकानासमोर मी इतका वेळ उभी होते की शेजारच्या मिरच्या विकणारीने मला दोनदा विचारलं, "किलो बांधू?" दुकानातलं गिऱ्हाईक सरल्यावर आत गेले आणि जुनी चावी काउंटरवर ठेवली. दुकानदार म्हणाला, "अशी चावी हवी काय असलं कुलूप हवं?" मी म्हटलं, कुलपं, दोन दारांची. तो म्हणाला, "दार डावं की उजवं?"

हे मला ठाऊक नव्हतं. पंचवीस वर्षं ज्या दारातून आले गेले ते डावं की उजवं, मला सांगता येईना. मी डोळे मिटले आणि तिथल्या तिथे हात पुढे करून आमचं दार उघडलं. मग बंद केलं. परत उघडलं. डोळे उघडले तर दुकानदार आणि त्याचा नोकर दोघे माझ्या हाताकडे बघत होते. "उजवं," दुकानदार म्हणाला. हसला नाही, हे त्याचे उपकार.

त्याने पुढच्या दारासाठी लॅचचं कुलूप दिलं. दार ओढलं की आपोआप लागतं, आतून नुसती मूठ फिरवून उघडतं, बाहेरून मात्र चावीच लागते. तीन चाव्या. मागच्या दाराला साधं. पिशवीत भाजीखाली घालून आणलं, आणि घरी तांदळाच्या डब्यामागे लपवून ठेवलं. माझ्याच घराचं कुलूप मी चोरून आणल्यासारखं.

बसवायला जावयाने एक कारागीर पाठवला. कोल्हापूरकडचा माणूस, इकडे नव्या इमारतींना दारं बसवण्याच्या कामाला आलेला. मी सोमवारची सकाळ सांगितली. दीर देवस्थानाचे मानकरी. सोमवारी सकाळी ते देवळात जातात आणि बारा वाजल्याशिवाय परतत नाहीत, हे मी पक्कं ध्यानात ठेवलं होतं.

कारागीर आला तो बोलतच आला. "ताई, हे जुनं कुलूप लई चांगलं हाय. काढायचं कशाला?" मी म्हटलं, काढायचंय. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. पिशवीतून ड्रिल काढलं, लाकडाचा भुसा उडाला, आणि तासाभरात पुढच्या दाराचं जुनं कुलूप खाली जमिनीवर पडलं. त्या जागी पितळी रंगाचं नवं बसलं. तो समजावून सांगत होता, "हे असं ओढलं की लागतं बघा. ध्यानात ठेवा हं ताई." मी मान हलवली. कोणी काही समजावलं की मी मान हलवते. ती सवय आहे, कळल्याची खूण नव्हे.

तो म्हणाला, "आता च्या टाका, मग मागचं करू." मी गॅसवर चहाचं आधण ठेवलं. नवी वस्तू वापरण्याआधी देवापुढे ठेवायची ही माझ्या सासूची शिकवण. तिन्ही चाव्या तारेच्या कडीत होत्या तशाच ताटलीत घालून देवापुढे ठेवल्या, हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, समई लावली. आणि मग नारळ घेऊन बाहेर आले, कारण गाऱ्हाणं घालायचं राहिलं होतं.

आमच्या पेडण्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. विहीर खणा, गाडी घ्या, दाराला नवी चौकट बसवा, घरातला थोरला पुरुष नारळ ठेवून देवाला आणि जागेच्या राखणदाराला मोठ्या आवाजात सांगतो की बाबा, हे असं असं करतोय, सांभाळून घे. बाकीची माणसं मध्ये मध्ये "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. आमच्या घरातले थोरले पुरुष म्हणजे दीर. त्यांना कसं बोलवणार? त्यांच्याच विरुद्ध तर कुलूप. गाऱ्हाणं न घालता कुलूप वापरायचं, तर मन मानेना. म्हणून ठरवलं, आपणच घालायचं, हळू आवाजात.

कारागिराला म्हटलं, "जरा बाहेर येऊन उभे राहा. मी थांबले की व्हय म्हाराजा म्हणा." तो हात पुसून चप्पल काढून माझ्या बाजूला उभा राहिला. मी उंबऱ्याबाहेर नारळ ठेवला. दार उघडं, समोर आत देवघरातली समई दिसत होती.

"बा देवा म्हाराजा," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला. "ह्या जागेच्या राखणदारा म्हाराजा. आज ह्या दाराक नवा कुलूप घातलेला आसा..."

पुढे शब्द येईनात. कारागिराला वाटलं आपली पाळी आली. "व्हय म्हाराजा," तो इतक्या जोरात म्हणाला की अंगणातली कोंबडी उडाली. मी परत सुरुवात केली. "ते तू सांभाळून घे. माका... माका माज्या घरात..."

मागच्या जनेलातून वारा आला असावा. दार हळूच फिरलं. आम्ही दोघं हात जोडून बघत राहिलो. ते सावकाश आलं, चौकटीला लागलं, आणि खट् झालं.

मला आधी वाटलं, देवाने मान्य केलं.

"ताई," कारागीर म्हणाला, "चावी?"

"देवापुढे."

"तिन्ही?"

"तिन्ही."

तो थोडा वेळ हात जोडूनच उभा राहिला. मग म्हणाला, "माझी पिशवी बी आतच हाय. ड्रिल, पान्हा, समदं." त्याने दार ढकलून पाहिलं. कुलूप चांगलंच बसवलं होतं त्याने. "मागल्या दाराची?"

मागच्या दाराची जुनी चावी आत खुंटीला. मोबाईल आत. जनेलांना गज. आणि गॅसवर आधण. मी कान देऊन ऐकलं, चहा उकळून गॅसवर सांडल्याचा चर्र आवाज आला.

"दगडानं फोडतो," तो म्हणाला. "पण ताई, दार बी जाईल."

मागच्या दाराला आतून कडी घातलेली नव्हती. घालणं सोडलं होतं ना मी! तिथे जुनं कुलूप अजून तसंच होतं, आणि त्याची एकच चावी घराबाहेर होती. ज्या चावीसाठी हा सगळा खटाटोप, तीच. मी चपला न घालता पन्नास पावलं चालत गेले. पळत नव्हते, पण चालतही नव्हते. मनात एवढंच होतं की ते देवळातून आलेले नसू देत, म्हणजे बोलावं लागणार नाही. आणि आलेले असू देत, नाहीतर घर पेटेल.

आलेले होते. देवळात त्या दिवशी काम लवकर आटोपलं होतं. पडवीत बसून पेज जेवत होते, बनियनशिवाय. जाऊ समोर लोणच्याची बरणी घेऊन.

"गो, अनवाणी?" जाऊ उठली. "काय झाला?"

मी जावेकडे बघून म्हटलं, "वयनी, चावी व्हयी. मागच्या दाराची."

दिरांनी विचारलं, "तुजी खंय गेली?"

"आत रवली."

"पुढचा दार उघड मगे."

मी खाली बघत राहिले. पायाला लाकडाचा भुसा चिकटला होता. "पुढच्या दाराक नवा कुलूप घातलंय."

त्यांचा हात पेजेच्या ताटात थांबला. "कित्या?"

 "गॅसवर च्या आसा," एवढंच म्हटलं.

ते ताटावरून उठले. हात धुतला नाही, तसेच निघाले. साठी उलटलेला माणूस, पण माझ्यापुढे गेले. मागच्या दाराशी उभे राहिले, किणकिण, धप्प, ठक् ठक्. त्या दिवशी तो आवाज मला देवळातल्या घंटेसारखा वाटला, हे मी खोटं का लिहू? आत धूर कोंडला होता. टोप काळा ठिक्कर. दिरांनी गॅस बंद केला, फडक्याने टोप उचलून मागे नेऊन ठेवला, जनेलं उघडली. काही जळालं नव्हतं. मी खाली बसले.

मग ते बाहेरच्या खोलीत गेले. नवं कुलूप बघितलं, मूठ फिरवून दार उघडलं. बाहेर कारागीर अजून नारळापाशी उभा. दिरांनी मागे वळून देवघरात पाहिलं. ताटलीत तीन चाव्या, हळदकुंकू लावलेल्या.

"तीन आसत," ते म्हणाले. "एक तुजी. एक तुज्या चेडवाची. माजी खंयची?"

जाऊ दारात येऊन उभी राहिली होती. पण प्रश्न मला विचारला होता. तिच्याकरवी सांगायची सोय त्या क्षणी उरली नव्हती. माझ्या मनात आलं, ती तिसरी चावी उचलून द्यावी आणि सुटावं. हात पुढे झालाही असेल. पण न्हाणीच्या ओल्या फरशीवर उभं राहून पांढरी पडलेली बोटं मला आठवली.

"तुमची नाय," मी म्हटलं. "भावोजी, तुमी येवा. केवाय येवा. पण हाक मारून येवा. मी उघडतंय."

त्यांच्याशी मी सलग बोललेलं एवढं मोठं वाक्य तेच पहिलं. सांगून झालं तरी मी जमिनीकडे न बघता त्यांच्याकडे बघत होते.

ते कदेलवर बसले. "चावी भावान दिल्ली माका," म्हणाले.

"तेवा ते आजारी होते."

"माका वाटला, माज्याकडे चावी आसा म्हणून तुका बरा वाटता. म्हणून येय मी. माका काय टीव्ही नाय घरात?"

"आसा," जाऊ म्हणाली, "पण तो माज्या ताब्यात आसा." आणि मग आवाज बदलून म्हणाली, "तिका न्हाऊक मिळणा नाय रे. निजूक मिळणा नाय. माका सांगल्यान तिना. मी तुका दोनदा सांगलंय, तू हं म्हटलंस आणि भात मागलंस."

 दिरांची मान खाली गेली. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटतं, त्यांना न्हाणीचा तो दिवस आत्ता दिसला, इतक्या महिन्यांनी. त्यांनी त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही, मीही नाही. त्यांनी करगोट्याची गाठ सोडायला घेतली. ती सुटेना. घामाने, पाण्याने, इतक्या वर्षांत ती गाठ दगडासारखी झाली होती.

"द्या हिकडं," कारागीर आत आला. आपल्या पिशवीतून त्याने पातं काढलं.

"पोट सांभाळ रे," जाऊ म्हणाली. "तीस वर्सां पोसलेला आसा."

कारागिराने बोट घालून दोरा ताणला आणि चावीजवळचा तुकडा कापला. दिरांनी चावी देवापुढच्या ताटलीत, नव्या चाव्यांच्या बाजूला ठेवली. मग विचारलं, "गाऱ्हाणा कोणी घातला?"

"ताईंनीच," कारागीर म्हणाला. "पर अर्ध्यातच दार लागलं."

"अर्धा गाऱ्हाणा ठेवता नये," ते उठले. खांद्यावर माझ्याच घरातला पंचा घेतला, बाहेर गेले. आम्ही सगळे बाहेर आलो. कारागिराने या खेपेला दाराला वरवंटा लावला आणि चाव्यांची कडी आपल्या बोटात घालून घेतली.

दीर नारळासमोर उभे राहिले. देवळात शंभर माणसांपुढे बोलणारा आवाज तो, आमच्या छोट्या अंगणात मावत नव्हता.

"बा देवा म्हाराजा! ह्या जागेच्या राखणदारा म्हाराजा! आज माज्या भावाच्या घराक नवा कुलूप घातलेला आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या कुलपाची चावी ह्या घरच्या लक्ष्मीच्या हातात आसा, ती तिच्याच हातात ऱ्हांव दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

ते थांबले. खांद्यावरचा पंचा सारखा केला. मग पुढे म्हणाले, "ह्या दारात जो येयत, मगे तो परको असो, घरचो असो, नायतर थोरलो असो, तेणां हाक मारून येवचा, म्हाराजा! आणि आजवर कोणाकडसून चुकी झाली असात, तर ती पदरात घे, म्हाराजा!"

मी "व्हय म्हाराजा" म्हटलं. मोठ्याने म्हटलं. जाऊ माझ्याकडे बघत राहिली.

नारळ फुटला, खोबरं वाटलं. मी परत चहा ठेवला, दुसऱ्या टोपात, आणि तो होईपर्यंत गॅसपासून हलले नाही. दिरांनी उंडा पाव बुडवून चहा घेतला. मागच्या दाराचं कुलूप बदलताना ते कारागिराच्या डोक्यावर उभे राहून "स्क्रू वाकडो जाता" असं सांगत होते. तो "व्हय म्हाराजा" म्हणायचा आणि आपल्याच पद्धतीने पिळायचा.

त्या दुपारी मी निजले. पंखा लावून, केस मोकळे सोडून, साडी सैल करून निजले ती पाच वाजता उठले. उठल्यावर कुठे आहे तेच कळेना. इतकी शांत झोप मला यजमान धडधाकट होते तेव्हा लागत असे. कान दाराकडे नव्हते, हे उठल्यावर ध्यानात आलं.

दोन दिवस दीर आले नाहीत. तेव्हा थोडं भ्यायला झालं. वाटलं, दुखावले, आता चवथीला कसं तोंड दाखवू? जाऊ म्हणाली, "काय दुखावलो नाय. हाक कशी मारूची त्येचो विचार करता."

तिसऱ्या दिवशी मी न्हाणीतून निघाले होते. अंगावर ओलं कापड, केसांतून पाणी गळतंय, आणि मी बाहेरच्या खोलीवरून निवांत आत चालले होते. अंगणातून आवाज आला.

"गो बाये, आसंस?"

मी जागच्या जागी उभी राहिले. दाराच्या कुलपाकडे पाहिलं. ते गप्प होतं. किणकिण नाही, धप्प नाही. बाहेर चपला वाजल्या, मग दीर दाराबाहेरच्या सोप्यावर टेकल्याचं कळलं.

लगेच उत्तर द्यायला हवं होतं, पण मला ते परत एकदा ऐकायचं होतं.

"गो बाये, घरात आसंस मां?"

"आसंय," मी आतून म्हटलं. "थांबा, येतंय."

मग मी आतल्या खोलीत गेले. केस पुसले. कोरडी साडी नेसले, निऱ्या नीट घातल्या, कपाळ पुसलं. बाहेर दीर कोणाशीतरी माकडांविषयी बोलत होते. मी सावकाश आले आणि मूठ फिरवून दार उघडलं.